छोट्या प्रोसेसरवरची तीन बिऱ्हाडं

तुम्ही काय काम करत होतात, असं लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये होते" एवढंच सांगते. समोरच्याला वाटतं, बँकेत किंवा शाळेच्या ऑफिसात असेन, आणि बोलणं जेवणाकडे वळतं. खरं काम समजावून सांगायला बसले तर पंगत उठेल. इथं मला पाच-सहा पानं मोकळी मिळाली आहेत, म्हणून त्यातलं एकच काम सांगते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतलं नाही, नोकरी सोडल्यानंतरचं. पण मला विचाराल तर माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

माझा जन्म धाकट्या डहाणूचा. वडिलांची बोट होती, आई बाजारात मासळी विकायची. मी शिकले, अंधेरीच्या एका कंपनीत लागले आणि प्रोग्रॅम लिहीत राहिले. लोक पडद्यावर बघतात ते प्रोग्रॅम नव्हेत. त्यांच्याही खालचे, ज्यांच्यावर बाकीचे उभे असतात आणि ज्यांची आठवण ते कोसळले तरच होते. २०१५ साली मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मसोलीला दोन खोल्यांचं घर घेतलं. बोट भावानं सांभाळली होती. त्याला वाटलं, आता ताई निवांत बसणार. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या वर्षी एका ओळखीच्या बाईंकडून निरोप आला की तलासरीला डॉक्टर पारेख म्हणून आहेत, त्यांचा कॉम्प्युटर बंद पडलाय, जरा बघता का. मी बस पकडून गेले. हायवेपासून थोडं आत एका छोट्या संस्थेचा दवाखाना होता. डॉक्टर पारेख मूळचे उंबरगावकडचे, गुजराती वळणाचं मराठी बोलणारे, साठीच्या आसपासचे. ते मला थेट कोपऱ्यातल्या एका कपाटाएवढ्या सर्व्हरपाशी घेऊन गेले. त्या उन्हाळ्यात त्याचा वीजपुरवठ्याचा भाग दुसऱ्यांदा जळाला होता. वीज कमी-जास्त व्हायची, इन्व्हर्टर त्या धुडाला तासभरही पुरत नव्हता.

"नलिनीबेन," ते म्हणाले, "दवाखान्यात मला पेशंटपेक्षा याचीच सेवा जास्त करावी लागते."

त्या सर्व्हरवर तीन प्रोग्रॅम होते: एक रुग्णांच्या नोंदीचा, एक प्रयोगशाळेच्या अहवालांचा, एक औषधांच्या साठ्याचा. तिघं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेले, एकमेकांशी न पटणारे. म्हणून कुणा जाणत्या स्वयंसेवकानं तिघांना तीन आभासी यंत्रांमध्ये ठेवलं होतं. आभासी यंत्र म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. आतल्या प्रोग्रॅमला वाटतं, हे सगळं यंत्र आपलंच. एका घरात तीन बिऱ्हाडं ठेवावीत तसं: चूल वेगळी, दार वेगळं, एकाकडे भांडण झालं तरी दुसऱ्याची झोप मोडत नाही. अशी बिऱ्हाडं थाटून देणारे मोठे, भारदस्त प्रोग्रॅम असतात. या स्वयंसेवकानं वापरला होता तो मात्र अगदी हलका होता, दोन-तीन सेकंदांत बिऱ्हाड उभं करणारा. त्याला कुणी मालक नव्हता. जगभरातली दहा-बारा माणसं तो सांभाळत, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. कंपनीत असताना मीही त्यात थोडी डागडुजी केली होती, त्यामुळे तो इथं तलासरीत दिसल्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांना कुणीतरी तळहाताएवढे तीन कॉम्प्युटर भेट दिले होते. नुसता हिरवा बोर्ड, पंखा नाही, गाडीच्या बॅटरीवर दिवसभर चालणारा. डॉक्टरांचं म्हणणं होतं, एक इथं ठेवू आणि एक जीपमधून पाड्यावर नेऊ. हे तीन प्रोग्रॅम त्यावर चालतील का, असं त्यांनी विचारलं. मी बोर्ड हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, चालतील की.

घरी आल्यावर कळलं की मी काय बोलून बसले होते.

प्रत्येक प्रोसेसरची एक भाषा असते. टेबलावरच्या कॉम्प्युटरांची एक, मोबाइल फोनांत असतात त्यांची दुसरी. ते छोटे बोर्ड फोनांच्या जातीचे होते. दवाखान्याचे प्रोग्रॅम नव्या भाषेत आणणं तसं सोपं होतं, कारण त्यांचा मूळ मजकूर आमच्याकडे होता. पण बिऱ्हाडं थाटणारा आमचा तो हलका प्रोग्रॅम फक्त जुन्याच जातीचा प्रोसेसर ओळखायचा. नवी जात त्यात नव्हतीच.

तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांचा म्होरक्या मार्टिन नावाचा एक युरोपातला माणूस होता. त्याला ईमेल लिहिली. दुसऱ्या दिवशी आदबीचं उत्तर आलं: कल्पना चांगली आहे, पण फोनच्या प्रोसेसरवर आभासी यंत्रं चालवण्याची गरज कुणाला पडते आहे असं दिसत नाही. तुम्ही करून दाखवलंत तर वाचू. गरज कुणाला पडते आहे, हे त्याला तलासरीला आणून दाखवायला हवं होतं. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून करूनच दाखवायचं ठरवलं.

कामाचं स्वरूप असं. खोटा कॉम्प्युटर सुरू होताना त्याला सगळं खोटंच पण पटेल असं द्यावं लागतं. खोटं घड्याळ, खोटी डिस्क, कुणी दार वाजवलं तर कळवणारी खोटी घंटा. जुन्या जातीत कुठं काय असतं याचे संकेत वर्षानुवर्षं ठरून गेलेत. नव्या जातीत तसं काही नाही. तिथं सुरुवातीलाच एक नकाशा हातात द्यावा लागतो: मेमरी इथून सुरू, घंटा इथं, घड्याळ तिथं. नकाशात एक आकडा चुकला तर आतलं यंत्र चूक सांगत नाही. ते काहीच सांगत नाही. पडदा काळा, आणि तुम्ही त्याच्यासमोर.

सात आठवडे मी काळ्या पडद्यासमोर बसले. रोज सकाळी नकाशातली एखादी गोष्ट बदलायची, चालवायचं, काळं. भाऊ कधी बोंबील घेऊन यायचा, मला तशी बसलेली बघायचा आणि विचारायचा, बंदच आहे ना अजून? शेवटी चूक सापडली ती मेमरीच्या सुरुवातीची. मी सवयीनं शून्यापासून मोजत होते. या जातीच्या बोर्डावर तिथं मेमरी नव्हतीच, ती पुष्कळ पुढं सुरू होत होती. मी बिऱ्हाडाला भिंती नसलेल्या जागी बसवत होते. आकडा बदलला आणि पडद्यावर एक ओळ उमटली, मग दुसरी, मग धबधबा. मी उठून चहा केला आणि तो प्यायचा विसरले.

उरलेलं काम चार महिन्यांत झालं. पावसाळा संपता संपता तीनही बिऱ्हाडं त्या तळहातावर थाटली आणि मी ती तलासरीला नेऊन बसवली. त्याच दुपारी वीज गेली. सगळ्या दवाखान्यात अंधार, आणि प्रयोगशाळेत सुगंधा शांतपणे टाइप करत होती. डॉक्टर दारात उभं राहून बघत होते. मग ते जाऊन जुन्या सर्व्हरवर एक टॉवेल टाकून आले.

सुगंधाबद्दल सांगायला हवं. सुगंधा खरपडे, प्रयोगशाळेची तंत्रज्ञ, त्याच तालुक्यातली, तिशीची. कमी बोलायची. तिचं मुख्य काम सिकलसेलच्या तपासण्या. हा रक्तातला आजार आईबापांकडून येतो. ज्याला स्वतःला त्रास नसतो पण जो तो पुढं देऊ शकतो तो वाहक; नवरा-बायको दोघं वाहक असले तर मूल आजारी निघू शकतं. म्हणून पाड्यांवरून रक्ताचे नमुने आणायचे, तपासायचे आणि ज्याच्या त्याच्या हातात छापील चिठ्ठी द्यायची: आजार नाही, वाहक, किंवा रुग्ण. कॉम्प्युटर आला तरी सुगंधानं आपली वही सोडली नव्हती. प्रत्येक निकाल आधी वहीत, मग मशीनमध्ये. मी एकदा तिला म्हटलं होतं की आता याची गरज नाही. तिनं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिणं चालू ठेवलं.

ते बसवून तीन आठवडे झाले असतील. सुगंधाचा फोन आला.

"मॅडम, चिठ्ठी चुकली," ती म्हणाली. "बाई वाहक आहे. मशीननं 'आजार नाही' छापलंय."

मी विचारलं, टाइप करताना काही झालं असेल का. ती म्हणाली, पडद्यावर आता बघते आहे, तिथं वाहकच आहे. कागदावर नाही. ती बाई उपलाटकडची, पाच महिन्यांची गरोदर, आणि तिचा नवराही वाहक होता. सुगंधानं चिठ्ठी देताना वहीशी ताडून पाहिली नसती तर ती बाई निर्धास्त होऊन घरी गेली असती.

मी डॉक्टरांना सांगून त्याच मिनिटाला सगळं बंद करायला लावलं. दवाखाना पुन्हा कागदावर आला. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सुगंधानं तीन आठवड्यांची वही आणि छापलेल्या चिठ्ठ्यांच्या प्रती शेजारी शेजारी मांडल्या होत्या. शेकडो चिठ्ठ्यांत आणखी दोन चुकीच्या निघाल्या. एक माणूस दवाखान्यातल्याच शिपायाचा नातेवाईक होता, त्याला लगेच बोलावून घेतलं. दुसरी चिठ्ठी झरीच्या एका मुलीकडे गेली होती. तिचा खरा निकाल 'आजार नाही' होता. चिठ्ठीत वाहक छापलं होतं.

डॉक्टर म्हणाले, निरोप पाठवू. मी म्हटलं, नको, मी जाते. सुगंधा सोबत आली. मुलीचं नाव रंजना. तिचे वडील अंगणात जाळं विणत बसले होते. मी त्यांना सांगितलं की चिठ्ठी चुकीची आहे, मुलीला काही नाही, आणि चूक मशीनची नाही, ते मशीन मी केलंय, म्हणून माझी आहे. त्यांनी हातातलं काम थांबवलं. मुलीची सोयरीक ठरत आली होती. मुलगा वाहक आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून ही चिठ्ठी बघून त्यांनीच बोलणं थांबवलं होतं. रंजना दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मी माफी मागितली. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आम्ही सांगितलं तर ते म्हणतील, पोरीसाठी खोटं बोलतात. मशीन तुमचं, तर सांगायलाही तुम्ही चला."

त्यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. ड्रायव्हर धरून आम्ही चौघं जीपमध्ये बसून दुसऱ्या गावी मुलाच्या घरी गेलो. सुगंधानं वही उघडून त्यांना नोंद दाखवली, त्यांच्याच बोलीत समजावून सांगितलं, आणि त्यांच्या समाधानासाठी रंजनाचं रक्त पुन्हा तपासायचं ठरलं. मी तिथं नुसती बसून होते. आयुष्यभर माझ्या चुका पडद्यावर दिसत आल्या. माणसाच्या चेहऱ्यावर दिसलेली ती पहिलीच. परतताना सुगंधा मला पहिल्यांदा ताई म्हणाली. (तपासणी नीट निघाली आणि लग्नही झालं. आम्हाला आमंत्रण होतं.)

मार्टिनला सगळं कळवलं. त्याचं म्हणणं, हा प्रोग्रॅम बारा जागी चालतोय, असं कधी झालं नाही; तुमच्या स्वस्त बोर्डांची मेमरी खराब असणार. मी तीनही बोर्ड तपासले. मेमरी ठीक होती. पण मला त्याचं म्हणणं खोडताही येत नव्हतं, कारण चूक माझ्यासमोर एकदाही घडत नव्हती. मसोलीत माझ्याकडच्या तिसऱ्या बोर्डावर मी एकटी चिठ्ठ्या छापत राहायचे आणि प्रत्येक बरोबर यायची. डॉक्टरांनी मला सांभाळून सांगितलं की जुना सर्व्हर दुरुस्त करून घेऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी आठ दिवस मागितले.

त्या आठ दिवसांत चौथ्या दिवशी सुगंधा स्वतः मसोलीला आली. बसनं, वही पिशवीत घालून. तिनं तीनही चुकीच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या.

"ताई, मशीन वाट्टेल ते छापत नाही," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी आधीच्या माणसाचा निकाल छापलाय. बरोब्बर आधीच्याच. आणि तिन्ही वेळेला गर्दी होती, बाजूला नर्सबाई नोंदी करत होत्या."

मी त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. खराब मेमरी अक्षरं बिघडवते. ती कुणाचा निकाल सुबकपणे उचलून दुसऱ्याला देत नाही. आधीच्याचा निकाल येतो याचा अर्थ नवा निकाल जागेवर पोचण्याच्या आधीच कुणीतरी तो उचलायला सांगत होतं.

लहानपणी बंदरावर मी हे रोज बघितलं होतं. एक जण होडीतून पाटी भरतो, दुसरा ओरडतो, भरली, आणि आई ती डोक्यावर घेऊन निघते. ओरडणं भरण्याच्या आधी झालं तर ती कालचीच पाटी घेऊन बाजारात जाईल. प्रोसेसरच्या आत हेच चालतं. एक भाग मजकूर ठेवतो, मग खूण करतो की ठेवला, आणि दुसरा भाग खूण बघून उचलतो. जुन्या जातीचा प्रोसेसर या कामांचा क्रम आपणहून पाळतो. नवी जात वेगासाठी क्रम बदलू शकते. तिला स्पष्ट सांगावं लागतं: हे पूर्ण झाल्याशिवाय ते करू नको. एकटं काम असेल तर फरक कळत नाही. दोघं एकाच वेळी काम करू लागले की क्वचित, हजारात एकदा, खूण आधी पोचते.

मी खोट्या डिस्कचा भाग उघडला. तो मी लिहिलेला नव्हता. तो प्रोग्रॅमच्या जन्मापासूनचा, सगळ्यांच्या वापरातला होता. मजकूर ठेवण्याची ओळ होती, तिच्या खाली लगेच खूण करण्याची. मधे थांबायला सांगणारं काहीही नव्हतं. सुगंधाला बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, इथं एक ओळ कमी आहे.

एकच ओळ होती. ती घातली.

मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, दोन बाजूंनी एकदम डिस्कवर तुटून पडणारा. त्या ओळीशिवायच्या जुन्या प्रोग्रॅमवर चालवला तर काही मिनिटांत चूक पकडली. इतके दिवस दडून बसलेली चूक आता बोलावली की येत होती. नव्या ओळीसह उरलेले दिवस अखंड चालवला. एकही नाही. मी खूश होते. सुगंधाला ते पुरेसं नव्हतं. तिनं एका रविवारी दोन नर्सबाईंना बसवलं आणि तिघींनी मिळून तीन आठवड्यांची सगळी वही पुन्हा नव्यानं मशीनमध्ये भरली, मुद्दाम एकाच वेळी, मुद्दाम घाईत. संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्यांचा ढीग झाला. ती एकेक वहीशी ताडत गेली, मी शेजारी बसून नावं वाचत गेले. शेवटची चिठ्ठी जुळली तेव्हा तिनं वही मिटली आणि डॉक्टरांना जाऊन सांगितलं की उद्यापासून सुरू करायला हरकत नाही. माझ्या आयुष्यात माझ्या कामाला इतक्या कडक माणसानं पास केलं नव्हतं.

ती ओळ, चूक पकडणारा प्रोग्रॅम आणि नव्या जातीचं सगळं काम मी मार्टिनला पाठवलं. या वेळी उत्तर यायला दहा दिवस लागले. त्यानं स्वतः तसाच एक बोर्ड मागवून चूक घडवून बघितली होती. त्यानं लिहिलं की ही उणीव पहिल्या दिवसापासून आमच्या प्रोग्रॅममध्ये होती, जुना प्रोसेसर आमची अब्रू झाकत होता आणि मी तुमच्या बोर्डांना नावं ठेवली, याबद्दल क्षमा मागतो. सगळं काम स्वीकारलं गेलं. पुढं कळलं, कुठल्या बेटावरच्या हवामान केंद्रात, कुठल्या जहाजावर, आमची तळहातावरची बिऱ्हाडं चालू आहेत. २०१९ मध्ये मी शेवटची पाहणी करायला तलासरीला गेले तेव्हा तिथला बोर्ड दोन वर्षं न थांबता चालत होता, आणि जीपमधला दुसरा सगळे पाडे फिरून आला होता.

अशा प्रोग्रॅमांत एक रीत आहे. प्रत्येक बदलाखाली, तो कुणी केला आणि चूक कुणी शोधली, हे लिहितात. तो मजकूर एकदा आत गेला की कायमचा. नंतर कुणालाच तो बदलता येत नाही. काम स्वीकारलं गेल्यावर मी लॅपटॉप घेऊन दवाखान्यात गेले आणि सुगंधाला त्या एका ओळीखालची नोंद दाखवली. इंग्रजीत लिहिलं होतं: चूक शोधली, सुगंधा खरपडे, तलासरी. डॉक्टर चष्मा सावरून वाचायला आले. तिनं विचारलं, हे किती दिवस राहील. मी म्हटलं, हा प्रोग्रॅम जगात आहे तोवर.

ती वाकून बारकाईनं वाचत होती.

"ताई," ती म्हणाली, "माझ्या आडनावात 'पी'च्या पुढं 'ए' पाहिजे. तुम्ही 'ई' लिहिलाय."

मी पाहिलं. खरंच होतं. हजारो ओळी तपासल्या आणि हे एक नाव तपासलं नव्हतं. मी तिला सांगितलं की आता हे दुरुस्त होणार नाही, कुणाकडूनच नाही. मला लाज वाटत होती. सुगंधा हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

"असू द्या," ती म्हणाली. "तलासरी बरोबर आहे ना?"

मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. तलासरी बरोबर होतं.